साळवेसरांचा लाल कॅन

परवा माझ्या भाच्यानं माझ्या अंगणात पेट्रोल सांडलं. गवत कापायचं मशीन घेऊन आला होता, सोबत नवाकोरा कॅन. कॅनच्या तोंडाला काळी तोटी, तोटीला कडं, कड्याच्या आत स्प्रिंग. नुसतं दाबलं तर काही येईना, नुसतं फिरवलं तरी येईना, आणि दोन्ही एकदम केलं तेव्हा भसकन असं आलं की मशीन राहिलं बाजूला आणि माझं गवती चहाचं आळं न्हाऊन निघालं. "मावशी, कंपनीचा फॉल्ट आहे," म्हणाला. मी म्हटलं, "असेल बाबा. पण तुला साळवेसर भेटले नाहीत, हा त्याहून मोठा फॉल्ट आहे."

तो हसला. त्याला वाटलं मावशीची नेहमीची बडबड. पण त्या वासानं माझं मन दिवसभर भिंतीपलीकडेच होतं.

साळवेसर आमचे शेजारी. बेलापुरात माझं घर आणि त्यांचं घर, मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून आमची कोथिंबीर, वर्तमानपत्र, नाताळचा फराळ, दिवाळीचा फराळ आणि भांडणं अशी सगळी ये-जा चालायची. सर श्रीरामपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. नाव येशुदास, पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी फक्त त्यांच्या मोठ्या बहिणीच्या तोंडून ऐकली. उंच, सडपातळ, जरा पोक आलेले, शर्ट कायम पांढरा आणि खांद्यावर कायम एक फडकं. रिटायर झाले, पेन्सिल गेली, पण फडकं काही गेलं नाही. बायको रूथताई, बुटकी, गोल, हसरी आणि आवाजानं खणखणीत. मी अंगणवाडीत होते, त्यामुळे माझ्या आवाजाचं तर विचारूच नका. आम्ही दोघी बोलायला लागलो की सर खुर्ची उचलून परसात जायचे.

माणसाला काही ना काही वेड असतं. सरांचं वेड ओतण्याचं. कुणी चहा ओतताना, कुणी तेल ओतताना, कुणी बादलीतून पाणी ओतताना दिसलं की यांचे पाय थांबलेच. चेहऱ्यावर असं काही यायचं, जणू समोरचा गाणं म्हणतोय आणि आता बेसूर होणार. हॉटेलात गेले की चहाची चव त्यांना नंतर कळायची, आधी किटलीची चोच बघायचे. "धार तुटतीय बघा. ह्याचा चहा कितीही चांगला असू दे, टेबल चिकट असणार." आणि टेबल चिकटच असायचं.

एकदा माझ्याकडे चहाला आले. माझा स्टीलचा जग गळका. म्हणजे भोक नव्हतं त्याला, पण ओतलं की थोडं पाणी त्याच्याच हनुवटीवरून खाली यायचं. वर्षानुवर्षं मी त्याच्याखाली हात धरत आले होते. मी आत साखर आणायला गेले, बाहेर आले तर सरांच्या हातात पक्कड आणि जगाचं तोंड पिळलेलं. माझ्या लग्नातला जग. माझं डोकं असं तापलं की काय बोलले ते मलाच आठवत नाही. सर शांत. म्हणाले, "बाई, ओतून बघा." मी रागानंच ओतलं. एक थेंब खाली आला नाही. आता ह्यावर माणसानं भांडायचं तरी कसं? तो जग अजून आहे माझ्याकडे, वाकड्या तोंडाचा.

लग्नाच्या पंगतीत त्यांच्याशेजारी बसू नये. वाढपी आमटी घेऊन आला की हे त्याचं मनगट धरायचे. "बाळा, बादली आधी वाटीजवळ आण, मग वाकव. वरून सोडू नकोस, धबधबा आहे का तो?" वाढपी कावराबावरा, मागची पंगत ओरडतीय, रूथताई पदरात तोंड लपवून बसलेली. "आवो, खाऊ द्या लोकांना," ती म्हणायची. "ह्यांना देवानं धार बघायलाच जन्माला घातलंय."

चर्चमध्ये मात्र ह्या वेडाला मान होता. प्रभुभोजनाच्या रविवारी द्राक्षरसाचे ते इवलेइवले पेले भरायचं काम सरांचंच. मी एकदा रूथताईबरोबर लवकर गेले होते तेव्हा पाहिलं. पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं, त्यावर पेल्यांच्या रांगा, आणि सर श्वास धरून एकामागून एक पेला भरत चाललेले. धार सुरू कुठे झाली आणि थांबली कुठे ते कळत नव्हतं. सगळे पेले झाले तरी कापड पांढरंच. पाळकसाहेब म्हणायचे, सर आहेत तोवर आमच्या कापडाला धोबी नको.

मग कोरोना आला. दोघं एकदमच आजारी पडले. सर उठले, रूथताईही उठली, पण तिची फुप्फुसं काही पूर्वीसारखी झाली नाहीत. हळूहळू न्हाणीपर्यंत चालत जाणंही जड झालं आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दिवसरात्र त्याची घरघर आणि तिच्या नाकाला पारदर्शक नळी. खिडकीशी तिची खाट टाकली. तिथून तिला परस दिसायचं, शेवगा दिसायचा आणि भिंतीवरून डोकावणारी मी दिसायचे.

मशीन विजेवर. आणि आमच्याकडची वीज कशी असते ते मी काय सांगायचं. इन्व्हर्टर होता, पण त्या मशीनपुढे त्याचा फार वेळ निभाव लागत नसे. एक छोटा सिलिंडर होता, तोही अडीअडचणीपुरता. म्हणून सरांनी परसात पत्र्याच्या शेडखाली एक लहान जनरेटर बसवला, पेट्रोलवरचा.

त्यांची मुलगी शेरॉन पुण्याला. ती एके दिवशी गाडी घेऊन आली ती आईला न्यायलाच. तिकडे लाइट जात नाही, दवाखाना जवळ, लिफ्ट आहे, सगळं खरं. रूथताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या घरी लई सुख हाय गं. पण मला हितंच ऱ्हाऊ दे. ही खिडकी सोडली तर मी चार दिसांतच मरन." शेरॉन रडली, चिडली, आणि शेवटी बापाला बाजूला घेऊन म्हणाली, "पप्पा, तुमच्यावर सोडते. जनरेटरचं एकदा जरी काही बिघडलं, काही सांडलं-पेटलं असं माझ्या कानावर आलं, तर मी कुणाचं ऐकणार नाही. दोघांनाही उचलून नेईन." सर नुसती मान हलवत होते. भिंतीपलीकडून मी ऐकत होते, आणि उगाच कशाला खोटं बोलू, कान देऊनच ऐकत होते.

तेव्हापासून ती खिडकी सांभाळायची जबाबदारी सरांच्या ओतण्यावर आली.

पेट्रोल आणायला त्यांच्याकडे एक जुना पत्र्याचा डबा होता, तोंडाला रबरी नळी लावलेला. तो गंजून गळायला लागला. जावयानं मोठ्या प्रेमानं पुण्याहून कॅन पाठवला. लाल, जाड, देखणा. वर लिहिलेलं की ह्यातून सांडणारच नाही. सरांना एवढा आनंद झाला की भिंतीवरून मला दाखवला. "बाई, तोटी बघा. दाबल्याशिवाय उघडत नाही. सोडली की आपोआप बंद. डोकं आहे करणाऱ्याला."

दुपारी मला परसातून असा आवाज आला की सर कुणाशी तरी कुस्ती खेळतायत. बघते तर जनरेटरच्या टाकीवर कॅन उलटा, एक हात बुडाला, एक हात तोटीच्या कड्यावर, एक गुडघा खाली टेकलेला. ते कडं टाकीच्या काठाला अडकवून जोरानं दाबायचं, तेव्हा आतलं झाकण उघडणार. दाबलं तर कॅन घसरतो. कॅन धरला तर कडं सुटतं. आणि झाकण उघडलं तरी येणार काय, तर गुळुक. थांब. गुळुक गुळुक. थांब. मग एकदम भस्सकन. सरांच्या पांढऱ्या शर्टावर, चपलेवर, सगळीकडे पेट्रोल. मी माझ्या आयुष्यात त्यांच्या अंगावर डाग पाहिला नव्हता. ते तसेच उभे राहिले, पाय बाजूला धरून.

"डोकं आहे करणाऱ्याला," मी म्हटलं.

"डोकं आहे," सर म्हणाले, "पण त्याला हात नाहीत. ज्यानं हे केलं त्यानं आयुष्यात स्वतः कधी ओतलेलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून सरांनी शाळा भरवली. कॅन धुतला, वाळवला, पाण्यानं भरला आणि परसातल्या बादलीत ओतायला सुरुवात केली. सकाळी ओतायचे, संध्याकाळी ओतायचे. कॅन सरळ धरून बघितला, आडवा धरून बघितला. त्यातून त्यांना पहिला शोध लागला तो असा, की आपण सगळे कॅन चुकीचा धरतो. तोटी खालच्या अंगाला ठेवून वाकवला की तोंड लगेच भरून जातं आणि हवेला आत यायला वाटच राहत नाही. तोच कॅन कुशीवर वळवून, तोटी वरच्या अंगाला ठेवून वाकवला, तर पाण्याच्या वरून हवा आत शिरते आणि धार लागते. "आत हवा गेल्याशिवाय बाहेर काही येत नाही," सर म्हणाले. "घेतल्याशिवाय कुणी देत नाही, कॅनसुद्धा."

पण आडवा धरला की स्प्रिंगचं कडं दाबता येईना. सर वैतागून बसले होते. मी तेव्हा भिंतीवर कोपर टेकून गोडेतेल बाटलीत भरत होते, नरसाळ्यानं. सर माझ्या हाताकडे बघत उठले.

"बाई, ती काडी कसली?"

"कसली म्हणजे? खराट्याची."

"नरसाळ्याला कशाला लावलीय?"

आता ह्यात सांगायचं काय? नरसाळं बाटलीच्या तोंडावर घट्ट बसलं की तेल वरच तुंबतं, म्हणून कडेला काडी घालायची, जरा फट राहते, भडभड न करता तेल खाली जातं. माझी आई करायची, तिची आई करायची. सरांनी कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं शेजारी राहता, बाई, आणि हे मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही नुसते पक्कड घेऊन येता."

त्याच दिवशी सायकलच्या दुकानातून ट्यूबचा एक व्हॉल्व्ह आला. कॅन अजून पाण्याचाच होता, त्यात पेट्रोलचा मागमूस नव्हता, तेव्हाच सरांनी त्याच्या मागच्या खांद्याला, मुठीच्या वर, भोक पाडून तो व्हॉल्व्ह आतून बसवला, वायसर लावून आवळला. आतली पिन काढून टाकली, वर त्याचंच टोपण. ओतताना टोपण उघडायचं, झालं की लावायचं. पुढच्या तोटीतली स्प्रिंग आणि झाकण उपसून काढलं, तिथे हातभर पारदर्शक नळी बसवली, म्हणजे नळीचं टोक टाकीत पार आत जातं आणि धार दिसत राहते. ठेवताना त्या नळीलाही घट्ट बूच. मग मला हाक मारली. व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि कॅन वाकवला. काय सांगू, तेलासारखी धार लागली. ना गुळुक, ना भस्स. खिडकीतून रूथताई टाळ्या वाजवत होती, दम लागेपर्यंत.

त्यानंतर सरांचं भरणं म्हणजे एक विधीच झाला. लाइट गेली की जनरेटर चालू. लाइट फार वेळ गेली आणि टाकी उतरली की जनरेटर बंद करायचा, रूथताईला छोट्या सिलिंडरवर घ्यायचं, इंजीन निवेपर्यंत थांबायचं. घाई नाही. मग खाली एक पांढरा ड्रॉइंग पेपर अंथरायचा, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवायचे, आणि त्यावर वाकून भरायचं. भरून झालं की गुडघ्यावर बसून तो कागद उन्हाला तिरका धरून बघायचे, वहीतलं चित्र तपासावं तसे. मग साबणानं हात धुवायचे, एकदा, पुन्हा एकदा. मग कुठे दोरी ओढायची.

मी चेष्टा करायची. "सर, कागदावर काय मार्क मिळाले?" ते हसायचे नाहीत. मला वाटायचं, वय झालं, वेड वाढलं.

आता हंगामाच्या सणाचं सांगते. त्यांच्या चर्चमध्ये हा सण मोठा. शेतातलं, घरातलं जे काही पहिलं-चांगलं असेल ते लोक वेदीपुढे आणतात. ऊस, भोपळे, ज्वारी, अंडी, कोंबड्या, लोणच्याच्या बरण्या. उपासना झाली की बाहेर मांडवात त्याचा लिलाव. मी दर वर्षी जायची, कारण भोपळे चांगले असतात आणि लिलावात बोंबलायला मिळतं. त्या वर्षी सरांच्या कॅनची कीर्ती चर्चभर झालेली. महिला मंडळानं ठरवलं, गुलाबाचं सरबत द्यायला तसलाच एक कॅन आणायचा, म्हणजे मुलांच्या नव्या कपड्यांवर सांडणार नाही. आणलासुद्धा. तोच लाल, तेवढाच. आणि सरांनी मोठ्या हौसेनं त्यालाही मागे व्हॉल्व्ह, पुढे नळी बसवून दिली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पण तिथल्या एकाही शहाण्याला कळलं नाही. मांडवामागे सावली एकच, त्या सावलीत चर्चचा जनरेटर, आणि त्याच्याशेजारी दोन जुळे कॅन, एक सरांचा पेट्रोलचा आणि एक मंडळाचा सरबताचा. लाइट नव्हती, माइक जनरेटरवर. लिलाव ऐन रंगात, एक गावरान कोंबडा चढत चाललेला, आणि पेट्रोल संपत आलं म्हणून सर उठले. जनरेटर बंद केला, निवू दिला, लोकांनी तेवढ्यात कोंबडा हातात घेऊन बघितला. सरांनी कागद अंथरला, टोपण काढलं, आडवा धरून असा सुंदर ओतला की मांडवातले दोघे-तिघे बघत उभे राहिले. एक थेंब खाली पडला नाही. नळीतली धार लालसर दिसत होती, पण पेट्रोलही तसंच लालसर असतं.

दोरी ओढली. जनरेटर खोकला, परत खोकला, आणि गप्प झाला. पाळकसाहेब वाकून बघायला आले आणि म्हणाले, "सर, ह्याला गुलाबाचा वास कसा काय येतोय?"

लोक हसून लोळायचे बाकी. "इंजिनालाही सण आहे," कुणी म्हणालं. कोंबड्याचा लिलाव विनामाइक झाला, तो मीच ओरडून पार पाडला. पण हसता हसता माझी नजर सरांवर गेली. ते कॅनची नळी नाकाशी धरून उभे होते. मग दुसरा कॅन उचलला, त्याचा वास घेतला. परत पहिला. त्यांचा चेहरा पाहून माझं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीशी मी सरळच म्हटलं. "सर, तुम्हाला वास येत नाही."

ते खांद्यावरचं फडकं काढून हात पुसत राहिले. "कोरोनापासून नाही," म्हणाले. "वाटलं, येईल परत. नाही आला. फुलाचा नाही, मटणाचा नाही, पेट्रोलचाही नाही. सांडलं तर मला कळत नाही, बाई. म्हणून कागद."

आतापर्यंत मी त्या कागदाला हसत आले होते. नुकत्याच निवलेल्या इंजिनाशेजारी, आत बायको ऑक्सिजनवर, आणि हा माणूस नाकाचं काम डोळ्यांकडून करून घेत होता, एकटा, कुणाला न सांगता.

"रूथताईला माहीत आहे?"

"तिला कळलं तर ती घाबरेल. म्हणेल, माझ्यापायी तुमचा जीव धोक्यात नको, चला पुण्याला. आणि तिला जायचं नाहीये."

"मला समदं ऐकू येतंय," खिडकीतून आवाज आला.

आम्ही दोघं दचकलो. रूथताई उशीला टेकून बसली होती, नळी नाकाला, आणि डोळे असे केलेले की सर शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले.

"आन् शेरॉनला सांगायचं न्हाई म्हनून मलाबी सांगायचं न्हाई व्हय?" ती मधेमधे दम घेत बोलत होती. "येवढं पेट्रोल वतता, आन् वास न्हाई येत तुमाला. अवो, मंग मी हाय की. माझी फुप्फुसं गेलीत, नाक न्हाई गेलं."

त्या दिवसापासून विधीत एक गोष्ट वाढली. टाकी भरायची वेळ आली की सर आधी खिडकी सताड उघडायचे. कॅन वाकवायच्या आधी विचारायचे, "येतोय का?" रूथताई नाकाची नळी बाजूला करायची, मान खिडकीबाहेर काढून एक लांब श्वास घ्यायची, आणि म्हणायची, "न्हाई येत. वता." भरून झालं, बुचं लावली, की पुन्हा, "येतोय का?" आणि पुन्हा तिचं, "न्हाई येत. वढा दोरी." जिला श्वासाचे इतके वांधे, ती त्यातला एक ह्यांच्या पेट्रोलसाठी काढून ठेवायची. मी एकदा म्हटलं, "ताई, त्रास होतो तुला, मी घेते ना वास." तर म्हणाली, "मंदाबाई, तू तुझी फोडनी बघ. करपलीय." आणि खरंच करपली होती.

एकदा मात्र ती म्हणाली, "येतोय." सर जागच्या जागी थिजले. कॅन खाली ठेवला, सगळं तपासलं. कागद कोरा. नळी कोरडी. तोवर ती हसायला लागली होती, हसता हसता खोकायला. चेष्टा केली होती तिनं. सरांनी तोंड फिरवलं, संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत, आणि संध्याकाळी तिला भिंतीवरून तोडलेलं जाईचं फूल नेऊन दिलं. "मला सांग कसा येतो वास," म्हणाले. ती बराच वेळ त्यांना सांगत होती. काय सांगत होती ते मी ऐकलं नाही. त्या वेळी मी मुद्दाम आत गेले.

रूथताई गेली ती त्याच खिडकीशी, सकाळी, लाइट असताना. मशीन चालू होतं, कुठे काही कमी पडलं नाही. शेरॉन आली, आईच्या पायाशी बसली आणि बापाला एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही सांभाळलंत." मग प्रार्थनासभा झाली, माणसं पांगली. मशीन परत गेलं. घर इतकं शांत झालं की मला माझ्या घरात झोप येईना. शेडखाली जनरेटरवर धूळ बसली. सर बाहेर यायचे, खुर्चीत बसायचे, आत जायचे. मी आमटी द्यायची, ते वाटी परत करायचे. धुतलेली, पुसलेली, पण बोलणं नाही. मी अंगणात मुद्दाम चुकीचं ओतायची, बादलीतून, धबधबा करून. बघायचेसुद्धा नाहीत.

नाताळनंतर ते पुण्याला जाणार असं ठरलं. आणि गेलेही. तिथेच लेकीकडे, चांगल्या लिफ्टच्या घरात, झोपेत गेले असं शेरॉननं फोनवर सांगितलं. पण मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याआधी, हंगामाच्या सणाच्या आदल्या दिवशी.

चर्चचा जनरेटर त्या सरबतापासून काही धड झाला नव्हता, म्हणून पाळकसाहेबांनी सरांचा मागितला. सर हो म्हणाले. दुपारी ते परसात आले, जनरेटर पुसला, चालवून बघायचा म्हणून लाल कॅन काढला. कागद अंथरला, कोपऱ्यांवर खडे ठेवले. मी वाळवण उचलत होते. सरांनी व्हॉल्व्हचं टोपण काढलं, नळी टाकीत सोडली, कॅन कुशीवर घेतला, आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "येतोय का?"

खिडकी बंद होती.

ते तसेच राहिले. कॅन अर्धा वाकवलेला, ओतत नव्हते, खाली ठेवतही नव्हते. खिडकीकडे बघत होते. माझ्या हातातलं वाळवण तसंच हातात होतं.

मी भिंतीशी गेले आणि म्हटलं, "नाही येत, सर. ओता."

ते माझ्याकडे वळले नाहीत. त्यांनी कॅन वाकवला. धार लागली, सलग, पूर्वीसारखी. टाकी भरली, नळी निथळू दिली, बूच लावलं, टोपण लावलं. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "येतोय का?"

"नाही येत. ओढा दोरी."

खरं सांगायचं तर मला त्या वेळी कसलाच वास येत नव्हता. रडून नाक पार बंद झालं होतं. पण भिंतीवरून मला त्यांच्या पायाशी अंथरलेला तो कागद दिसत होता, आणि तो कोरा होता.